आमच्या घरचे गाणे
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



संगीत म्हटले की तंबोरा, पेटी, तबला ही वाद्ये डोळ्यांसमोर येतात. भाईंदरच्या मिठागरांकाठी वाढलेल्या आम्हा आगरी मुलांच्या घरी यांपैकी एकही वाद्य नव्हते. तरीही घर मुके नव्हते. पावसाळ्यात रुजलेली आंब्याची कोय दगडावर घासून आम्ही पिपाणी करीत असू आणि वडील रागावेपर्यंत ती फुंकीत असू. देवळातील पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावावयाची कणीक भजनाच्या रात्री आमच्याच घरून जाई. ती लावल्यावाचून पखवाजाला घुमारा येत नाही.

पलीकडे उत्तनच्या बाजूस ख्रिस्ती बांधवांच्या लग्नांत घुमट वाजे. मातीच्या मडक्यावर घोरपडीचे कातडे ताणून हे वाद्य करीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर घोरपडीस अभय मिळाले आणि तिच्या जागी बकऱ्याचे कातडे आले. याच मडक्याला गोवे सरकारने २०१९ साली वारसा-वाद्याचा मान दिला.

परंतु आमच्या घरचे खरे वाद्य म्हणजे आईचा गळा. ती धवलारीण होती. लग्नघरी हळद कुटताना मुसळांच्या ठेक्यावर तिचे धवले सुरू झाले की अंगणातील बोलणे आपोआप थांबे. तिला अक्षरओळख नव्हती. सारे गाणे मुखोद्गत होते.

आता माझा अपराध सांगतो. मॅट्रिक होऊन मी नुकताच शिक्षक झालो होतो. धाकट्या बहिणीच्या हळदीला शाळेतील सहकारी आले होते. आई गाऊ लागली, तोच मी तिला सर्वांदेखत म्हणालो, “आये, ‘हलद’ नव्हे, ‘हळद’ म्हणावे.” ती क्षणभर थांबली आणि बाकीचे गाणे इतर बायांनी पुरे केले. त्यानंतर माझ्यासमोर ती कधीच गायली नाही.

आणि हाच मी वर्गात मुलांना अभिमानाने सांगत असे की, तेराव्या शतकातील महदंबा ही मराठीची आद्य कवयित्री आणि तिची रचना म्हणजे ‘धवळे’! ‘धवळे’ आणि ‘धवले’ यांत अंतर केवळ एका अक्षराचे. तेही मी आईला सुधारून दिले त्याच अक्षराचे. हे माझ्या ध्यानात आले तेव्हा आई थकली होती. मी वही घेऊन तिच्यापाशी बसलो. ती एवढेच म्हणाली, “आता नाय आठवत रे.” ती गेली आणि तिच्याबरोबर ते गाणेही गेले.

बंधुभगिनींनो, आज आपल्या हळदीत मोठाले ध्वनिवर्धक वाजतात आणि घरातील वृद्धा कोपऱ्यात बसून असतात. त्यांना मधोमध बसवा. प्रत्येकाच्या खिशात आज ध्वनिमुद्रणाचे साधन आहे, त्याचा उपयोग करा. वहीतही लिहून ठेवा. मात्र एक विनंती आहे : त्या जसे म्हणतील तसेच लिहा. ‘ल’चा ‘ळ’ करू नका.