शिलालेखांतील दाते आणि त्यांचा सन्मान
(हुडकेश्वर, नागपूर येथे सभासद व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



दान देणाऱ्याचा सन्मान कसा करावा, हा प्रश्न प्रत्येक मंडळापुढे येतो. पाटीवर कोणाचे नाव आधी, किती रकमेला संगमरवर आणि किती रकमेला नुसती पावती, यावरून चांगल्या चांगल्या संस्थांत मने दुखावतात. हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीही होता. त्याची उत्तरे लोकांनी दगडावर कोरून ठेवली आहेत.

प्रथम ग्रीस देश पाहू. अथेन्सच्या पायरियस बंदरात देवदेवतांच्या उपासकांची मंडळे होती. त्यांना सभासद होते, खजिनदार होते, सभेत ठराव होत. तेथील देवमातेच्या मंडळाने इ.स.पू. दुसऱ्या शतकात हर्माइओस नावाच्या खजिनदाराचा गौरव केला. निधीत पैसा नसताना काही मृत सभासदांच्या अंत्यविधीचा खर्च त्याने स्वतः सोसला होता. मंडळाने त्याला मुकुट अर्पण केला आणि तो ठराव शिळेवर कोरला. अशा ठरावांत हेतूही स्पष्ट लिहीत : मंडळ उपकाराची जाण ठेवते हे पाहून इतरांनीही पुढे यावे. म्हणजे सन्मान हे पुढच्या दात्याला दिलेले आमंत्रणच होते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. आपल्या लेण्यांच्या दात्यांत स्वतःला 'यवन' म्हणविणारेही आहेत. ग्रीक वंशाच्या लोकांना आपल्याकडे यवन म्हणत. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी एकेक स्तंभ दिला. जुन्नरला इरिल यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, तर चिट यवनाने भोजनमंडप दिला. परंतु या लेखांत मुकुट नाही, ठराव नाही. नाव, गाव आणि दिलेली वस्तू एवढेच आहे. त्या वस्तूला शब्द आहे 'देयधम'.

याच कार्ल्यात सामी नावाच्या सुताराचे आणि सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे नाव आहे. नाशिकला मुगुदास नावाच्या दात्याने लेणे दिले. त्याला लेखात 'दासक' म्हटले आहे, त्याचा अर्थ अभ्यासक कोळी असा लावतात. त्या लेण्यात राहणाऱ्या भिक्षूच्या वस्त्रासाठी धम्मनंदी नावाच्या उपासकाने शेत दिले. श्रीमंतांनी आपली प्रशस्ती कोरली नाही असे नाही. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने कार्ल्याचे लेणे जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे लिहून ठेवले आहेच. पण त्याच दगडावर सुताराचे नावही टिकले, हे विसरू नये.

विद्यार्थ्यांनी एक हिशोब आवर्जून करून पाहावा. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकचे लेणे क्रमांक 10 देताना 3000 कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, दिली. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 दरमहा शेकडा 1 व्याजाने, दुसऱ्या श्रेणीकडे 1000 दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करायचे नाही, व्याजच वापरायचे. 2000 वर वर्षाचे व्याज झाले 240. लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12. बरोबर 240! हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवला गेला. दात्याच्या नावाखाली हिशोबही कोरलेला आहे. पैसा कोठे आहे, किती येतो आणि कोणाला मिळतो, हे लेणे पाहणाऱ्या कोणालाही वाचता येत होते.

हे सर्व पाहण्यासाठी फार दूर जायला नको. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने उत्खनन केले. तेथील स्तूपाच्या दगडी कठड्यावरही दात्यांचे ब्राह्मी लेख आहेत. विद्यार्थ्यांनी एकदा जाऊन पाहावेत.

मित्रांनो, दात्याचे नाव लावण्यात गैर काही नाही. ग्रीक मंडळांना कळले होते की कृतज्ञता उघडपणे व्यक्त केली तर पुढचा दाता येतो. पण आपल्या लेण्यांनी त्यापुढचे सांगितले आहे. नावासोबत दान लिहा आणि दानासोबत त्याचा हिशोब लिहा. ज्याने भिंत बांधून दिली त्याचे नाव आणि जिने सतरंजी दिली तिचे नाव एकाच अक्षरात लिहा. मग मोठा दाता मंडळाचा मालक होणार नाही आणि लहान दाता परका राहणार नाही.