नजर वारेतून जात नाही

(संघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



मागच्या उन्हाळ्यात आपल्या एका मावशींची बकरी व्याली. दोन पिलं, दोन्ही मेलेली. बकरी गटाच्या कर्जातून घेतलेली, हप्ता चालूच. मावशी म्हणाल्या, "नजर लागली वो मॅडम, दुसरं काय!" आणि बोट गेलं सुनेकडे. बकरीला चारा तीच टाकायची. काही महिन्यांपूर्वी तिचं स्वतःचं पोट पडलं होतं. ती बिचारी खाली मान घालून उभी, आणि मी गप्प. समाजकार्य शिकलेली मी, बकरीचं मला काय माहीत? त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते. म्हणून डॉक्टरांना विचारलं, वाचलं. तेच आज सांगते.

पोटातलं पिल्लू पाण्याच्या पिशवीत असतं. नाकाने श्वास घेऊच शकत नाही. मग जगतं कसं? वारेतून. वार पडते तेव्हा तिच्यावर लाल-जांभळ्या गाठी तुम्ही पाहिल्यात ना? या गाठी गर्भाशयाच्या गाठींत काज-बटणासारख्या बसतात. गायीत अशा साधारण 70 ते 120 जोड्या असतात. तिथे पातळ पडद्याच्या एका बाजूने आईचं रक्त वाहतं, दुसऱ्या बाजूने पिलाचं. दोन्ही रक्तं मिसळत नाहीत. आईच्या रक्तात प्राणवायू जास्त, म्हणून तो पिलाकडे जातो. पिलाकडे खराब हवा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, जास्त. ती आईकडे येते आणि आईच्या श्वासातून बाहेर पडते.

पिलाला मिळणारा प्राणवायू तसा कमीच असतो. पण त्याचं रक्त आईच्या रक्तापेक्षा तो जास्त घट्ट पकडतं. केंब्रिजच्या जोसेफ बारक्रॉफ्ट या शास्त्रज्ञाने मेंढ्या-बकऱ्यांवरच याचा अभ्यास केला आणि 1946 साली त्यावर पुस्तक काढलं. म्हणजे निसर्गाने सोय केली आहे, पण आईकडेच कमी पडलं तर पिल्लू काय करणार?

कमी कशाने पडतं?

पहिलं, ऊन. बकरीचे दिवस 150. पौष-माघात फळली तर शेवटचे दोन महिने आपल्या नागपूरच्या एप्रिल-मे आणि नवतप्यात येतात. पिलाचं बहुतेक वजन याच काळात वाढतं. उन्हाने धापणाऱ्या आईचं रक्त अंग थंड करायला कातडीकडे वळतं, वारेकडे कमी जातं. जास्त दिवस असं झालं तर पिल्लू लहान आणि अशक्त राहतं. म्हणून गाभण बकरी दुपारी टिनाखाली नको, झाडाच्या सावलीत बांधा. पाणी दिवसभर समोर हवं. चरायला सकाळी लवकर न्या, नाहीतर ऊन उतरल्यावर.

दुसरं, जंत. पोटातले काही जंत रक्तच पितात. आपलं हिमोग्लोबिन कमी झालं की आशाताई गोळ्या देते, तसंच हे. बकरीची खालची पापणी ओढून बघा. लालसर असली तर बरं, पांढरट दिसली तर डॉक्टरांना दाखवा. पण जंताचं औषध मनाने पाजू नका. काही औषधं गाभणपणाच्या सुरुवातीला पिलाला घातक असतात.

तिसरं, अडलेलं बाळंतपण. पिल्लू मागच्या पायांनी येत असेल तर डोकं आत असतानाच नाळ दाबली जाते आणि ते गुदमरतं. बकरी जोर लावतेय आणि अर्ध्या-पाऊण तासात काहीच पुढे सरकत नाही, तर वाट बघू नका. 1962 वर फोन करा. पिल्लू आलं की नाक-तोंड पुसा, कोरड्या पोत्याने अंग चोळा, नाकात गवताची काडी फिरवा. आता त्याला स्वतः श्वास घ्यायचाय.

अजून एक. आपल्या बाळाला रोगाशी लढायची ताकद वारेतून मिळते. बकरी-गायीच्या पिलाला ती मिळत नाही, चिकातून मिळते. म्हणून पहिल्या तासातच चीक पाजा. वार पडायची वाट बघायची नाही. अडीच किलोच्या पिलाला दिवसभरात पाव लिटर तरी जायला हवा.

पोट टाकलं तर त्यामागे रोगही असू शकतो, आणि काही रोग माणसालाही होतात. मेलेलं पिल्लू किंवा वार उघड्या हाताने उचलू नका. गरोदर बाईने तर जवळही जाऊ नये. दवाखान्यात कळवा. आपल्या नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासून आहे, त्याचा उपयोग करून घ्या.

मावशींच्या पिलांचं नेमकं कारण आता कळणार नाही, कारण तेव्हा तपासणीच झाली नाही. पण एवढं नक्की, तायांनो: वारेतून प्राणवायू जातो, साखर जाते. कोणाची नजर जात नाही. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने बकरी फळल्याची तारीख रजिस्टरमध्ये लिहून आणा. आणि घरी कोणा लेकी-सुनेवर असं बोट उठलं, तर माझ्यासारखं गप्प बसू नका.