फोटोची दुरुस्ती आणि दरमहाची वर्गणी
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आज माझ्याकडून काही विद्वत्तेचे ऐकावयास मिळेल अशी आपली अपेक्षा असेल, तर ती पुरी व्हावयाची नाही. फोटो दुरुस्त करण्याचे ॲप निवडताना मी कशी फसले आणि त्यातून काय शिकले, एवढेच मला सांगावयाचे आहे. असे एखादे ॲप आपल्यापैकी पुष्कळजणींच्या फोनमध्ये असेल, म्हणून हा विषय निवडला.

या स्मरणिकेसाठी मंडळाच्या सुरुवातीच्या दिवसांतील एक फोटो माझ्याकडे आला. तो पिवळा पडलेला, मधे चीर गेलेली, आणि उजवीकडचा एक चेहरा कसरीने अर्धा खाल्लेला. मी एक ॲप घेतले. ‘सात दिवस फुकट’ असे त्यावर लिहिले होते. आठव्या दिवसापासून खात्यातून दरमहा 399 रुपये जाऊ लागले. ॲप फोनमधून काढून टाकले म्हणजे वर्गणीही बंद झाली, अशी माझी समजूत. सात महिन्यांनी पासबुक भरून आणले तेव्हा 2793 रुपये गेलेले दिसले! आपल्या मंडळाची वर्गणी भरताना मी दोनदा हिशेब विचारते, आणि इथे मात्र एकदाही विचारला नाही.

ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, हे पहिले ध्यानात ठेवावे. ती प्ले स्टोअरच्या ‘सबस्क्रिप्शन्स’ या पानावर जाऊन रद्द करावी लागते. यूपीआयवरून पैसे जात असतील, तर तिथल्या ‘ऑटोपे’च्या यादीतही पाहावे. पैसे कापण्यापूर्वी निदान 24 तास आधी सूचना द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. माझ्याही फोनवर ती येत होती. मीच वाचत नव्हते. ग्राहकाला वर्गणीत अडकवून बाहेर पडणे अवघड करणे, ही तर 2023 च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित युक्ती ठरली आहे. परंतु कायदा आहे म्हणून आपण डोळे मिटावे असे नाही.

दरमहाची वर्गणी सर्वस्वी वाईट, असे माझे म्हणणे नाही. ज्या भगिनीचा फोटोग्राफीचा धंदा आहे, तिला ती परवडेल. लग्नाला मांडव भाड्याने आणणे शहाणपणाचेच. पण रोजच्या वाटणाला कोणी पाटा भाड्याने आणील काय? फोटोशॉप बनविणाऱ्या ॲडोबी कंपनीने 2013 साली आपली मुख्य साधने यापुढे वर्गणीनेच मिळतील असे जाहीर केले, आणि पुढे इतरांनीही तोच मार्ग धरला. तरीही वर्गणीवाचून चालणारी चांगली साधने आजही आहेत.

म्हणून प्रथम आपले काम कोणते ते ठरवावे. कडा कापणे, तिरका फोटो सरळ करणे, उजेड वाढविणे, डाग घालविणे, एवढेच आपले काम असते. त्याला फोनवरील गूगलचे ‘स्नॅपसीड’ पुरते. ते मोफत असून त्यात जाहिरातीही नाहीत. घरी संगणक असेल तर ‘गिंप’ घ्यावे. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी 1995 साली त्याचा प्रारंभ केला, आणि ते आजही सर्वांना मोफत आहे. शिकावयास मात्र थोडे दिवस लागतात. ‘अफिनिटी’ हे पूर्वी एकदाच किंमत देऊन मिळे; 2025 च्या ऑक्टोबरपासून तेही खाते उघडून मोफत मिळते, मात्र त्यातील कृत्रिम बुद्धीच्या सोयींना निराळे पैसे पडतात.

दुसरे, एका फोटोवर परीक्षा करून पाहावी. काही ॲपे फोटोवर आपला शिक्का उमटवितात, काही तो लहान करून देतात. छापण्यासाठी इंचाला 300 ठिपके धरले, तर सहा बाय चार इंचांच्या फोटोला 1800 बाय 1200 ठिपके हवेत. ते मिळतात की नाही ते पाहावे. तिसरे, फोनमधील सगळे फोटो पाहण्याची परवानगी सरसकट देऊ नये. नव्या फोनांत निवडक फोटोच दाखविता येतात. आणि चौथे, मूळ फोटोला हात लावू नये. नेहमी प्रतीवर काम करावे. जेपेग फोटो पुन्हा पुन्हा बदलून साठविला की दर वेळी थोडा उतरतो.

आता त्या जुन्या फोटोचे सांगते. त्या वर्गणीच्या ॲपने कसरीने खाल्लेला चेहरा क्षणात भरून दिला होता. मी हर्षाने तो आपल्या मंडळातील एका वयोवृद्ध काकूंना दाखविला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, बाई देखणी आहे, पण ही आमची आक्का नव्हे.”

मला लाज वाटली. मंडळासाठी दारोदार वर्गणी गोळा करीत हिंडलेल्या आक्कांच्या जागी मी कोणी परकी बाई बसविली होती, आणि त्यासाठी पैसेही मोजले होते! मग मूळ फोटो पुन्हा घेतला, स्नॅपसीडवर पिवळेपणा कमी केला, चीर बुजविली. आक्कांचा अर्धा चेहरा मात्र होता तसाच ठेवला. त्या कामाला एक दुपार लागली, पैसा लागला नाही.

तोच फोटो या स्मरणिकेत छापावयास दिला आहे. तो पाहताना उजवीकडे क्षणभर थांबावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.