धंदा कोणासाठी?
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



एखाद्याने धंदा काढला की आपण मिळकत विचारतो. मालक रात्री घरी किती वाजता पोहोचतो, हे कोणी विचारीत नाही. आम्ही पडलो मास्तर. भलते प्रश्न विचारण्याची आम्हांला सवयच आहे!

अमेरिकेतील इव्हॉन शुइनार्ड यांना वेड कडे चढण्याचे. १९५७ साली त्यांनी भंगारातून कोळशाची भट्टी आणली, लोहारकाम आपले आपणच शिकले आणि कड्याच्या फटीत ठोकायच्या पोलादी मेखा घडवू लागले. तासाला दोन मेखा, एकीचे दीड डॉलर. हिवाळाभर भट्टी, मग डोंगर. माल मोटारीच्या मागूनच विकायचा. पैसा बेताचा, पण कामाचे दिवस डोंगराच्या सोयीने ठरत. पुढे ठोकून ठोकून कडेच फुटू लागले. मेखा हा तर धंद्याचा मोठा हिस्सा! तरीही १९७२ च्या सूचिपत्रात त्यांनी हातोड्यावाचून बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पाचरींचा पुरस्कार केला. १९७३ मध्ये कपड्यांची पॅटागोनिया कंपनी निघाली. लाटा चांगल्या असल्या की कामगारांनीही समुद्रावर जावे, अशी तेथील रीत.

हे ऐकायला गोड वाटते. पण धंदा फार झपाट्याने वाढला, मंदी आली आणि १९९१ साली सुमारे १२० माणसांना, म्हणजे पाचांतल्या एकाला, घरी पाठवावे लागले. आम्हांला या हकीकतीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. मालकाच्या मनाजोग्या आयुष्याला इतरांच्या चुली जोडलेल्या असतात. त्यानंतर त्यांनी वाढीला लगाम घातला. २०२२ साली तर कुटुंबाने मालकीच सोडली: मताधिकाराचे २ टक्के भाग एका न्यासाकडे, उरलेले ९८ टक्के निसर्गरक्षणाच्या संस्थेकडे.

आपल्या बेळगावातही असा हिशेब करणारे आहेत. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे शिवणकामाचे दुकान आहे. शुक्रवारी नमाजाच्या वेळी बंद, रात्री आठनंतर बंद. फक्त ईदच्या आधी सवलत. गिऱ्हाइके कुरकुरतात, पण येतात. परवा तो विचारीत होता, "सर, खडे बाजारात दुसरे दुकान घेऊ का?" आम्ही विचारले, "घे, पण मग तुझे कारागीर घरी कधी जाणार?" हिशेब करून सांगतो म्हणाला. अजून आलेला नाही.