३४ इंचांची हौस

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात थंबेलिना नावाची एक घोडी होती. २००१ साली जन्मली, २०१८ साली गेली. उंची ४४.५ सेंटिमीटर, म्हणजे तुम्ही आत्ता ज्या खुर्चीवर बसला आहात तिच्या बैठकीएवढी. जगातला सर्वांत बुटका घोडा म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली. लोक कौतुकानं तिचे फोटो काढत. पण थंबेलिना नुसती ठेंगणी नव्हती, खुजी होती.

ठेंगणा घोडा म्हणजे मोठाच घोडा, लहान मापात घडवलेला. खुज्याचं तसं नसतं. कपाळ पुढे आलेलं, नाकाचा भाग दबलेला, खालचा जबडा इतका पुढे की दातावर दात बसत नाही. मान आखूड, पोट सुटलेलं, पाय वाकडे. काहींना श्वास घेणंही जड जातं.

अशा ठेंगण्या, म्हणजे मिनिएचर घोड्यांची अमेरिकन संघटना १९७८ सालची. तिनं उंचीची मर्यादा ३४ इंच ठरवली, आणि मोजायचं कुठून, तर आयाळीचा शेवटचा केस जिथे संपतो तिथून! मर्यादा आली की चढाओढ आलीच. इथे ती उतरती होती, एवढंच. बुटक्याला बुटकी, तीही बहुधा नात्यातलीच, लावत गेलं की दडलेला दोष वर येतो. खुजं शिंगरू जन्मलं, तर ती बातमी तबेल्याबाहेर सांगण्यात कुणाचा फायदा होता? वळू घोड्याची किंमतच पडायची.

केंटकी विद्यापीठात जॉन एबर्थ आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली या दोषाचं मूळ प्रसिद्ध केलं. ॲग्रिकॅन नावाचं प्रथिन कूर्चेत पाणी धरून ठेवतं. त्याच्या जनुकात त्यांना चार बदल सापडले. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन बिघडलेल्या प्रती आल्या की शिंगरू खुजं. एकच आली तर घोडा धडधाकट, पण वाहक. यातल्या एका बदलाची जोडी जमली, तर घोडी बहुधा गाभच टाकते. म्हणजे तिथे खुजं शिंगरू दिसतही नाही. मालक म्हणतो, घोडी गाभण राहत नाही.

असं संशोधन करावं का, असं विचारणाऱ्यांना मी हिअरफर्ड गाईगुरांची गोष्ट सांगतो. १९५०च्या दशकात आखूड पायांच्या, गुटगुटीत गुरांची फॅशन अमेरिकेच्या अंगाशी आली. खुजी वासरं जन्मू लागली. श्वास घेताना घुरघुरत, म्हणून त्यांना ‘स्नॉर्टर’ म्हणत. वळू वाहक आहे का, हे ठरवायचं तर तो वाहक गाईंवर सोडायचा आणि वासरं मोजायची. ओळीनं सोळा वासरं निकोप निघाली, तर वळू वाहक असूनही सुटण्याची शक्यता शेकडा एक. आणि तो वाहक असला, तर सोळांत सरासरी चार वासरं खुजी. एका वळूचा निकाल कळावा म्हणून चार जिवांची पैदास! आज घोड्यांच्या बाबतीत तेच उत्तर केसाच्या मुळावरच्या जनुक-चाचणीतून मिळतं. माझ्या लेखी संशोधनाची बाजू इथेच भक्कम होते.

जन्मलेल्या शिंगराचं काय, हा प्रश्न मात्र अवघड आहे. त्याचे क्ष-किरण फोटो, दर महिन्याची मापं, सांध्यांची झीज, ही सगळी माहिती अभ्यासकाला हवीच असते. पण शिंगरू वेदनेत असेल, तर मापांची वही पुरी व्हावी म्हणून त्याला एक दिवसही जगवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वाहकांना सरसकट खच्ची करा म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. मुळातच अरुंद असलेलं रक्त त्यानं आणखी अरुंद होईल, आणि दुसरा एखादा दडलेला दोष डोकं वर काढेल. वाहकाला निकोप जोडीदार द्यावा, आणि ते वाहकपण वंशावळीत छापावं. छापायलाच लोक बिचकतात.

चाचणीचा कागद सांगतो की या दोन वाहकांची जोडी लावू नका. तोच कागद उलटा वाचला, तर दुसरी थंबेलिना हवी असणाऱ्यालाही नेमकी कोणती जोडी लावायची ते कळतं.