बीं-बीं तले कीड



सोनघंटा हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल? सह्याद्रीच्या उंच, कड्यालगतच्या उतारावर वाढणारे हे झुडूप. हिवाळ्यात त्याला घंटेसारखी, खाली मान घातलेली फुले येतात. वुड्रो आणि स्टाफ यांनी १८९४ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिसंग्रह सांभाळणाऱ्या ना. भ. रानडे यांचे नाव त्याला दिले. मराठी माणसाचे नाव मिरवणारी अशी झाडे थोडीच; त्यांतलेच एक आज दुर्मिळ व्हावे, हे मनाला लागते.

गुरे, वणवे, रस्ते ही कारणे आपण जाणताच. मी बोलणार आहे ते बियांना लागणाऱ्या किडीविषयी. फळ बाहेरून धड दिसते, आत बी पोकळ! घरच्या तुरीचेच पाहा ना. भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालतो, अळी दाण्यात शिरते आणि डबा उघडतो तेव्हा दाण्याला गोल भोक. माझी आजी राख चोळून तूर ठेवी. कड्यावरच्या झाडाला राख कोण चोळणार?

कीड हा काही अपराधी नव्हे. कारवी सात वर्षांनी एकदम फुलते, डोंगरच्या डोंगर बियांनी भरतो. खाणारे खाऊन थकतात आणि उरलेले रुजते, असे शास्त्रज्ञ मानतात. सोनघंटेजवळ ही श्रीमंती नाही. शंभरांतले नव्वद बी गेले तरी लाख बियांच्या झाडाला दहा हजार उरतात. शंभरच बिया असतील तर उरतात दहा, आणि त्यांतले खडकावर किती पडतील, देव जाणे.

मग औषध फवारावे काय? मुळीच नको, फुलांवर येणाऱ्या मधमाश्याही त्यात मरतील. फळ धरताच त्यावर विरळ कापडाची पिशवी बांधावी, पिकताच बी काढावे, पाण्यात टाकून तरंगणारे पोकळ बी वेगळे करावे, बुडालेले रोपवाटिकेत पेरावे आणि रोपे त्याच डोंगराच्या उतारावर परत न्यावीत. काम कंटाळवाणे आहे. छांदिष्टांनीच करावे असे!

सोनघंटा पाहायला दिघीकरांना लांब जावे लागेल. पण तिची बहीण मुद्रा, जिच्या फळाचा शिक्का आपण लहानपणी हातावर उमटवला, ती रस्त्याकडेला उगवते. तिची पाच पिकली फळे फोडा. कदाचित फळावर जोडीजोडीने फिरणारे तांबडे ढेकूण दिसतील. ते सोंड खुपसून बियांतला रस शोषतात. किती बिया भरलेल्या, किती पोकळ, ते मोजून उद्याच्या व्याख्यानाला येताना आकडा घेऊन या.