टाळाची किणकिण

माझे वडील रिसोडच्या भजनी मंडळात टाळ धरायचे. १९९१ च्या सप्ताहातली त्यांच्या भजनाची एक कॅसेट घरी आहे. वडील आता नाहीत. कॅसेट खराब होण्याआधी ती कॉम्प्युटरवर उतरवावी म्हणून मी टेप वायरने जोडला आणि बिनतारी हेडफोन कानाला लावला. काय कुठे दाबायचं हे मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सांगत होता. पखवाज ऐकू आला, पेटी आली. पण सगळं डब्यात तोंड घालून गायल्यासारखं. टाळाची तर नुसती टकटक!

कॅसेट गेली, असं मी धरून चाललो. मग वाटलं, आपले कानच गेले असतील. वाशीमला जाऊन कान तपासून आलो. वयाच्या मानाने ठीक निघाले. पंधरा दिवसांनी, कोणाशी बोलत नसताना, सहज तीच कॅसेट लावली, तर टाळ खणखणीत!

श्रोतेहो, गोम त्या कॉलमध्ये होती. सीडीवरचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट इतका असतो. ब्लूटूथची वाट अरुंद, म्हणून एका टोकाला तो दाबून बांधतात आणि दुसऱ्या टोकाला सोडतात. या बांधण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. ब्लूटूथवर संगीत ऐकवणाऱ्या नेहमीच्या हेडफोनमध्ये एसबीसी हा कोडेक असतोच. तो चांगल्या दर्जाला साधारण ३२८ किलोबिट पाठवतो. सोनीचा एलडॅक ९९० पर्यंत जातो. मात्र दोन्ही टोकांना तीच रीत यावी लागते. आयफोनला एलडॅक येत नाही, मग खोक्यावर ते नाव कितीही ठळक छापलेलं असो. (दुकानदाराने हे मला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.)

पण हेडफोनचा माईक सुरू झाला की जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथला दोन्हीकडची वाहतूक सांभाळावी लागते. मग संगीताची वाट बंद होऊन बोलण्याची सुरू होते. तिच्या सर्वांत जुन्या रीतीत आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतात; म्हणजे ४००० कंपनांच्या वरचं काहीच पोचत नाही. बोलणं कळतं, पण टाळाची किणकिण बरीचशी त्याच्या वरच असते. नंतरच्या रीतीत नमुने १६००० झाले. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओत एलसी३ हा नवा कोडेक आला, त्यात ही अडचण पुष्कळ कमी होते. पण दोन्ही उपकरणं तशी हवीत.

खरं तर नागपूर केंद्र आम्ही ५१२.८ मीटरवर ऐकत वाढलो. मध्यम लहरींवरही वरचे स्वर कापलेच जायचे. तेव्हा कधी काही कमी वाटलं नाही. तो टाळ आमच्या बाबांचा नव्हता ना!

शेवटी कॉल बंद ठेवून, साधा वायरचा हेडफोन लावून कॅसेट उतरवली. कारंज्याला बहिणीला ऐकवली. ती डोळे मिटून ऐकत राहिली आणि मध्येच हसली, "दादा, बाबा इथंही मागंच पडले बघ."